शेरा राहतो, आलेख जातो

गेल्या वर्षी वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा माझ्या ईसीजीच्या कागदावर यंत्राने स्वतःहून एक ओळ छापली होती : ‘सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमिंड’. अर्थ असा की, हृदयाच्या डाव्या व उजव्या कप्प्यांमधील पडद्याच्या स्नायूचा काही भाग पूर्वी कधीतरी रक्ताअभावी मेलेला दिसतो. ही इजा किती जुनी, ते सांगता येत नाही. ‘एज’ हा शब्द वाचून प्रथम मला वाटले, यंत्राला माझे वय कळलेले नाही. ज्या माणसाची जन्मतारीख सेवापुस्तकात अंकी व अक्षरी अशा दोन्ही प्रकारे नोंदवून साक्षांकित केलेली आहे, त्याचे वय अनिश्चित कसे? तंत्रज्ञाला विचारले, तर पुढच्या माणसाच्या छातीला तारा जोडता जोडता तो म्हणाला, “सर, मशीन ऐसे ही लिखती है.”

घरी परतल्यावर मात्र त्या ओळीतला दुसरा शब्द मनात रुतून बसला. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. अर्थशास्त्रात एम.ए. केले आणि पुढचे आयुष्य सरकारी फायलींत गेले. पण आकडे आणि आलेख वाचण्याची सवय असल्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत या विषयावर जे मिळेल ते वाचले, डॉक्टर मित्रांना छळले. त्यातून जे समजले त्याचा थोडा भाग वैद्यकाचा आणि बराचसा भाग प्रशासनाचा आहे, म्हणून येथे लिहितो.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरचा एक बारीक चौकोन आडवा मोजला तर ०.०४ सेकंदाचा, उभा मोजला तर एक दशांश मिलिव्होल्टचा. छातीवर सहा आणि हातापायांवर चार अशा दहा जोडण्यांमधून बारा आलेख मिळतात. बारा माणसांनी बारा जागी उभे राहून एकच इमारत पाहावी तसे. हॉलंडमधील लायडेन येथील विल्लेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र सिद्ध केले आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूळ यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णापाशी नेणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी १९०५ मध्ये रुग्णालय आणि सुमारे दीड किलोमीटरवरील आपली प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारेने जोडून रुग्णाचा आलेख आपल्याकडे मागवला. आज आपण ज्याला ‘टेलिमेडिसिन’ म्हणून नव्या योजनेचे नाव देतो त्याचा जन्म ईसीजीबरोबरच झाला होता, हे आमच्या योजनाकारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हृदयविकाराच्या झटक्यात आलेखावर काय घडते, त्याचे पहिले महत्त्वाचे वर्णन न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. रोहिणी बंद पडली की काही मिनिटांत ‘एस-टी’ नावाचा भाग आपल्या नेहमीच्या पातळीवरून वर उचलला जातो. ही चालू इजेची खूण. रक्तप्रवाह वेळेत सुरू झाला तर ती बरीचशी मागे फिरते. झाला नाही तर काही तासांत ‘आर’ ही उंच लाट खुजी होते आणि तिच्या आधी ‘क्यू’ नावाची खाली जाणारी लाट उमटते. नंतरच्या काही दिवसांत एस-टी खाली बसतो, ‘टी’ ही लाट उलटी होते. पुढे आठवड्यांनी, महिन्यांनी टीदेखील पुष्कळदा सुधारते. क्यू मात्र बहुधा राहतो.

तो का राहतो, याचे स्पष्टीकरण मला फार आवडले. मेलेला स्नायू वीज निर्माण करत नाही. त्यामुळे त्याच्यावर ठेवलेल्या जोडणीला तो भाग भिंतीत पाडलेल्या खिडकीसारखा होतो. तिला आता समोरच्या, जिवंत भिंतीची वीज दिसते, आणि ती वीज तिच्यापासून दूर जात असल्यामुळे कागदावर रेघ खाली उतरते. निरोगी माणसातही काही दिशांना बारीक क्यू असतो. तो एका बारीक चौकोनाएवढा रुंद किंवा आर लाटेच्या पाव हिश्श्याहून खोल झाला, आणि शेजारशेजारच्या दोन आलेखांत दिसला, की डॉक्टर सावध होतात. छातीवरच्या पहिल्या चार आलेखांत दिसला तर पुढची भिंत. दोन, तीन आणि एव्हीएफ या आलेखांत दिसला तर खालची. एक आणि एव्हीएलमध्ये दिसला तर बाजूची. पूर ओसरल्यावर घरांच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते आणि पाणी कुठवर चढले होते ते तलाठ्याला वर्षभरानेही दाखवता येते, तशी ही हृदयाची पूररेषा.

या पूररेषेवरून नुकसानीचा पंचनामाही करता येतो. रोनाल्ड सेल्व्हेस्टर या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने लाटांची रुंदी व उंची पाहून गुण देण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात प्रत्येक गुण म्हणजे डाव्या निलयाच्या, अर्थात शरीरभर रक्त ढकलणाऱ्या मुख्य कप्प्याच्या, सुमारे तीन टक्के स्नायूचे नुकसान असे धरतात. २००६ साली मिथिलेश दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, क्यू नसला तरी मुख्य लाटेला खाचा पडलेल्या असणे हीदेखील जुन्या व्रणाची खूण असू शकते. अर्थात सगळेच कागदावर उमटत नाही. लहान इजा क्यू सोडत नाही; काही रुग्णांचा क्यू काळाच्या ओघात पुसट होतो; डाव्या बाजूच्या विद्युत्‌मार्गात अडथळा असेल तर सगळेच चित्र झाकले जाते. नुकसानीचे खरे मोजमाप एकोकार्डिओग्राफी आणि त्याहून अधिक नेमके एमआरआय देते. परंतु एमआरआयची सोय किती तालुक्यांत आहे, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ईसीजी काही मिनिटांत होतो आणि त्याला कागदाची एक पट्टी लागते.

आता माझ्या कागदाकडे परत येतो. हृदयरोगतज्ज्ञांनी तो पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “जुना ईसीजी आहे का?”

या प्रश्नाने मी थक्क झालो, कारण उत्तर ‘असायलाच हवा’ असे होते. चाळिशीनंतर माझी तपासणी जवळजवळ दरवर्षी झालेली आहे. त्या प्रत्येक तपासणीचा सारांश माझ्या नस्तीत आहे आणि प्रत्येक सारांशात ‘ईसीजी : सामान्य’ असा शेरा, तारीख व सही आहे. आलेख मात्र एकही नाही. त्या त्या रुग्णालयात विचारणा केली तेव्हा कळले की मूळ कागद तपासणी करून घेणाऱ्याला दिला जातो किंवा वर्षा-दोन वर्षांत निकाली निघतो. मला मिळालेले कागद बदल्यांमध्ये गहाळ झाले होते. एक सापडला, गुवाहाटीच्या काळातला. पण ईसीजी औष्णिक कागदावर छापतात आणि तो उष्णतेने, उजेडाने, प्लॅस्टिकच्या पाकिटाने फिका पडतो. माझ्या हाती आली ती फिकट गुलाबी चौकोनांची एक कोरी पट्टी.

निभावले ते सौभाग्यवतींच्या शिस्तीमुळे. २०१४ मध्ये विम्यासाठी लागेल म्हणून तिने एका ईसीजीची झेरॉक्स काढून गॅसच्या पुस्तकाबरोबर ठेवली होती. तीत छातीवरच्या पहिल्या दोन आलेखांत लहानशी, पण स्वच्छ अशी आर लाट होती. ताज्या कागदावर ती नव्हती. म्हणजे एक तर मधल्या काळात खरोखरच काही घडले होते, किंवा मोजण्यात चूक होती. तज्ज्ञांनी बरगड्या बोटांनी मोजून, उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना चौथ्या फटीत जोडण्या लावून पुन्हा आलेख काढला आणि हरवलेली लाट परत आली. आदल्या वेळी तंत्रज्ञाने त्या वर लावल्या होत्या. ही अगदी नेहमीची चूक असून तिच्यामुळे यंत्र हेच वाक्य छापते, असे मला सांगण्यात आले. एकोही व्यवस्थित निघाला. त्या रात्री मी नीट झोपलो, हे मान्य करायला संकोच वाटत नाही.

आमच्याच कार्यालयातील एका कक्ष अधिकाऱ्यांची हकीगत याच्या उलट आहे. मूळचे बिहारचे, मधुमेही, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत त्यांच्या दोन, तीन आणि एव्हीएफ या आलेखांत रुंद, खोल क्यू आढळला. छातीत कधी दुखल्याचे त्यांना स्मरत नव्हते. बराच वेळ विचार करून ते म्हणाले की, पुतण्याच्या लग्नाला पाटण्याला गेलो असताना दोन दिवस ‘गॅस’ झाला होता. एकोमध्ये हृदयाची खालची भिंत जवळपास स्थिर होती. प्रश्न होता तो हा : हे पाटण्याचे प्रकरण, की पाच वर्षांपूर्वीचे काही? प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ संघटनांच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, झटक्यानंतर रोहिणीवर उपचार झालेला नसेल तर अन्य शस्त्रक्रिया किमान ६० दिवस पुढे ढकलावी. त्यांच्या नस्तीत आदल्या वर्षीचा शेरा होता, ‘सामान्य’. तो शेरा आलेख बघून लिहिला होता की मागच्या वर्षीच्या सारांशावरून उतरवला होता, हे कोणीही सांगू शकत नव्हते. आलेख असता तर एका मिनिटात कळले असते. गुडघा राहून गेला. आता ते काठी घेऊन कार्यालयात येतात, चार औषधे घेतात, आणि मला वारंवार विचारतात, “सर, उस साल सच में नॉर्मल था क्या?” मी काय सांगणार?

असे न कळलेले झटके विरळा असतील असे मला वाटत होते. परंतु अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी नागरिकांचा दर दोन वर्षांनी ईसीजी काढून जपून ठेवण्यात आला होता, आणि त्यावरून विल्यम कॅनेल व रॉबर्ट अॅबट यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, झालेल्या झटक्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक झटके केवळ नेहमीच्या तपासणीतील आलेखात बदल दिसला म्हणून उघडकीला आले. यातला ‘बदल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आधीचा आलेख शेजारी ठेवता आला म्हणून बदल दिसला. आम्ही अर्थशास्त्राचे लोक आधारवर्षाशिवाय निर्देशांक सांगणाऱ्याला वर्गाबाहेर काढतो. ईसीजीचे आधारवर्ष मात्र आपण दरवर्षी रद्दीत टाकतो.

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. मग काय, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा ईसीजी काढायचा? तर मुळीच नाही. ज्याला लक्षण नाही आणि धोकाही कमी आहे अशा माणसाचा ईसीजी चाळणी म्हणून काढू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये केली आहे, आणि तिचे कारण कोणाही संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटेल. रोग विरळ असलेल्या गटात चाचणी लावली की खोट्या धोक्याच्या सूचना खऱ्यांहून अधिक होतात. माझी ती ओळ हे त्याचे घरचे उदाहरण. माझे म्हणणे एवढेच आहे की, जे आलेख आपण आधीच काढतो, सरकारी वार्षिक तपासणीत, रेल्वेत, शस्त्रक्रियेपूर्वी, विम्यासाठी, त्यांच्यावर खर्च होऊन गेलेला आहे. त्या खर्चाचे जे मुख्य फळ, तेच आपण टाकून देतो आणि शेरा तेवढा जपतो.

झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही उधळपट्टी धोक्याची होते. मोठ्या झटक्यानंतर काहींच्या हृदयाची भिंत फुगवटा धरते आणि त्यांचा एस-टी कायमचा वर राहतो. असा माणूस वर्षभराने, दुसऱ्या गावी, पोटात दुखते म्हणून रुग्णालयात गेला तर त्याचा आलेख ताज्या झटक्यासारखा दिसू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध खऱ्या झटक्यात प्राण वाचवते. पण ते घेणाऱ्या शंभरांत एकापर्यंत रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव होतो. विनाकारण हा धोका का पत्करायचा? उलट चूकही तितकीच शक्य आहे : जुनेच असेल म्हणून ताज्या झटक्याकडे दुर्लक्ष. दोन्ही ठिकाणी निर्णय लावतो तो सुटी मिळताना काढलेला शेवटचा ईसीजी.

आणि आपल्या देशात माणसे एका गावी राहत नाहीत. कोइम्बतूरच्या गिरणीत ओडिशाचा कामगार असतो, सुरतेत बिहारचा. या ब्लॉगच्या अनेक वाचकांचे आईवडील वर्षातले सहा महिने बंगळुरूला किंवा हैदराबादला मुलाकडे असतात आणि त्यांचे कागद साताऱ्याच्या कपाटात असतात. रात्री दोन वाजता जुना आलेख दाखवा म्हटले तर शेजारी कुलूप फोडणार का?

तातडीच्या उपचारात आपण काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या भारतीय नोंदणीत ५० शहरांतील ८९ केंद्रांतले २०,९३७ रुग्ण होते. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचायला त्यांना लागलेला मध्यक वेळ होता ३६० मिनिटे. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. त्यानंतर तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या हृदयरोग केंद्रांना जोडण्याचा प्रयोग झाला. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाने वाचायचा, गुठळीचे औषध तेथेच द्यायचे आणि मग रुग्ण पुढे पाठवायचा. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्याने २०१८ मध्ये बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून याच धर्तीवर काम सुरू केले. आइन्टहोवेनची टेलिफोनची तार आमच्यापर्यंत यायला शतकाहून अधिक काळ लागला, पण ती आली.

अशा योजनांत आलेख आपोआप संगणकात साठतो. प्रश्न आहे तो त्याबाहेरच्या कागदांचा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यात व्यक्तीच्या आरोग्य खात्याला अहवाल जोडता येतो. पण तेथेही ‘अहवाल’ म्हणून शेराच चढवला, आलेखाचे चित्र चढवलेच नाही, तर आपण जुनीच रद्दी नव्या कपाटात ठेवू. केंद्रीय सचिवालयात नस्त्यांचे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे वर्गीकरण करून किती वर्षे काय जपायचे हे ठरवण्याची पद्धत आहे आणि १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे. फर्निचर खरेदीची नस्ती आम्ही लेखापरीक्षेच्या धाकाने सांभाळतो. कर्मचाऱ्याचा ईसीजी तो निवृत्त होईपर्यंत सांभाळा आणि जाताना त्याच्या हाती द्या, असा नियम करणे अवघड नाही. कोणी गोपनीयतेचा मुद्दा काढील, आणि तो बरोबर आहे. वरिष्ठाकडे कार्यमूल्यमापनाबरोबर सारांशच जावा. आलेखाशी त्याला कर्तव्य नाही. आलेख रुग्णालयाकडे आणि त्या माणसाकडे असावा.

या आशयाची दोन पानी टिप्पणी मी गेल्या हिवाळ्यात संबंधित विभागाला पाठवली. सोबत जोडण्या चौथ्या फटीत लावण्याविषयी तंत्रज्ञांसाठी एक चित्रही जोडले होते. दोन महिन्यांनी उत्तर आले : सूचना नोंद घेण्यात आली असून विषय विचाराधीन आहे. चित्राचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून कक्ष अधिकारी आणि मी, दोघांनीही आपापल्या ताज्या ईसीजीचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले आहेत आणि एकमेकांना पाठवले आहेत. त्यांच्या मुलाने फोटोच्या खाली तारीख, रुग्णालयाचे नाव आणि ‘छातीत दुखत नसताना काढला’ असे टंकले आहे. हे शेवटचे मला सुचले नव्हते. या वर्षीच्या तपासणीचे पत्र परवाच आले. सौभाग्यवतींनी २०१४ ची झेरॉक्स काढून माझ्या बॅगेत ठेवली आहे.